एकाच चुलीचा वासा

मी एक जुना साकव आहे. मित्रांनो, साकव म्हणजे ओढ्या-नदीवरचा लाकडी पूल. संगमेश्वराच्या आतल्या डोंगरांत, एका कोंडाच्या पायथ्याशी माझी जागा आहे. कोंड म्हणजे आमच्याकडची छोटी वाडी. दसऱ्याला माणसं मला घालायची आणि पावसाळ्याआधी काढून ठेवायची. नियम एकच होता, दर चुलीमागे एक वासा. त्यामुळे माझी रुंदी पाहिली की कोंडात किती चुली पेटतात ते कळे.

पूर्वी कोंडाचं जग माझ्याशी संपायचं. पलीकडे 'मुलूख' होता आणि तिथे कुणाचं काही काम नसे. मग एके वर्षी शाळेचे गुरुजी काखेत देशाचा नकाशा घेऊन माझ्यावरून आले. त्यांनी तो फणसाला टांगला. कोंडातला उमदा गडी रामजी पुढे झाला.

"गुरुजी, आमचा कोंड कुठं हाय यात?"

"इथे. माझ्या नखाखाली."

"मग नख काढा की! गुदमरतील ना माणसं."

सगळे हसले. पण त्या दिवसापासून रामजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला, आपण नकाशात आहोत.

पुढे मतदानाची पेटी आली. रामजीने ती डोक्यावर घेतली आणि माझ्यावर पाऊल ठेवण्याआधी वहाणा काढल्या. कोंडात ती सहाणेवर, म्हणजे शिमग्यात देवाची पालखी बसते त्या चौथऱ्यावर ठेवली. गुरवाने नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं आणि सगळे "होय महाराजा" म्हणाले. पेटीबरोबर आलेले साहेब गोंधळले. "अहो, हा देव नाही." रामजीची नवी नवरी हौसा पदराआडून म्हणाली, "नसंल. पण एवढ्या लांबनं आलाय, रिकामा कसा बसवायचा?"

सीमेवर लढाई झाली त्या साली गुरवाने गाऱ्हाण्यात सीमेवरच्या मुलांनाही घेतलं. कोंडाने आपल्या शिवेपलीकडच्या माणसांसाठी देवाकडे काही मागितल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. त्या वेळी मला माझा अभिमान वाटला. हे सगळं माझ्यावरूनच आलं होतं.

पण मित्रांनो, ज्या वाटेने देश आला त्याच वाटेने माणसं गेली. कुणी गिरणीत, कुणी गोदीत, मग कुणी कचेरीत. हौसाने आपली मुलगी दमयंतीसुद्धा शिकायला माझ्यावरूनच धाडली. दर दसऱ्याला मी अरुंद होत गेलो. पलीकडच्या काठाला डांबरी रस्ता आला. पक्का पूल मात्र आला नाही, कारण तो बांधावा एवढी माणसं अलीकडे उरली नव्हती. रामजी वारला. शेवटी चुली दोनच राहिल्या, हौसाची आणि म्हाताऱ्या दादूची. दादूची चूलही हौसाच पेटवायची.

यंदाच्या दसऱ्याला हौसाने आपला वासा ओढत काठावर आणला आणि ती त्यावर बसून राहिली. दुसरा वासा आला नाही; दादूला तो हलवेना. नदीला अजून ओढ होती. त्या आठवड्यात तिला ताप भरला, धाप लागली. दमयंती मुंबईहून आली आणि दोन्ही काठांना बांधलेल्या दोराला धरून छातीभर पाण्यातून पलीकडून अलीकडे पोचली. तिने फोन केला तेव्हा रुग्णवाहिका तासाभरात पलीकडच्या काठावर उभी राहिली. चालक कमरेपर्यंत पाण्यात आला आणि मागे फिरला. देश माझ्या एका टोकापर्यंत आला होता. पण मीच नव्हतो.

"डोलीला चार खांदे लागतात," दादू म्हणाला. "इथं माझा एक, तोही उसना."

दमयंतीने मुंबईतल्या भाच्याला, सुजयला फोन लावला.

"आत्या, रविवारी सगळे येतो. सुट्टी नाही गं. पण मी ग्रुपवर टाकलंय, सगळ्यांनी हात जोडलेत."

"जोडल्याल्या हातांनी वासं कसं उचलणार रे?" दादू फोनकडे तोंड करून ओरडला.

हौसा अंथरुणातून म्हणाली, "पोरांवर वरडू नको, दादू. आपणच तर त्यांना धाडलं."

शनिवारी दुपारी ती गेली. दमयंती रडली नाही. तिने आईची चूल सारवली आणि उंबऱ्यात बसली.

रविवारी सकाळी सगळे आले, शब्द दिल्याप्रमाणे. पाणी उतरलं होतं. स्मशान पलीकडे आहे, म्हणून मला घालणं भाग होतं. पण वासे कुठून आणणार? मुलं आपापल्या बंद घरांकडे गेली. ज्याच्या त्याच्या आजोबांनी बसवलेले छपराचे वासे त्यांनी खाली ओढले. कौलं फुटल्याचे आवाज येत राहिले. दुपारपर्यंत मी तयार झालो. रामजीच्या काळात होतो तेवढा रुंद.

हौसाला चौघांनी माझ्यावरून नेलं. मागून दमयंती आली, अनवाणी. मधोमध ती थांबली, कोंडाकडे वळून पाहिलं आणि पुढे गेली. सोमवारी सुजय दादूलाही मुंबईला घेऊन गेला. एवढा रुंद मी, आणि अलीकडे धूर कुठूनच येत नाही.

मित्रांनो, मी लाकूड आहे, मला कुणाला दोष देता येत नाही. एवढंच सांगतो. तुमच्याही गावी कुणी म्हातारी नदीकाठी बसली असेल. तिच्याकडे जा. रविवारची वाट पाहू नका. सुट्टी मिळत नाही, हे मला ठाऊक आहे.