बिनमालकाचा नळ

मित्रांनो, गेल्या मंगळवारी मला सिमेंट भरून कायमचं बंद करण्यात आलं. तसं काही झालेलं नाही. आता पुढं ऐका.

मी एक जुना खापराचा नळ आहे. वय चारशेच्या वर, लांबी हातभर. माझ्यासारखे पुष्कळ भाऊ एकमेकांच्या तोंडात तोंड घालून जमिनीखाली झोपले आहेत. सगळ्यांना मिळून नहर-ए-अंबरी म्हणतात. हर्सूलकडच्या डोंगराचं पाणी शहरात आणायचं, एवढंच आमचं काम. मोटर नाही, वीज नाही. पाणी उतारानं येतं, आम्ही आडवे पडून राहतो. याला लोक थोर अभियांत्रिकी म्हणतात. आम्ही नाही म्हणत नाही.

मला कुंभारानं घडवलं, भाजलं, गवंड्यानं चुन्यात बसवलं. त्यांची नावं मला ठाऊक नाहीत. चर खोदणाऱ्यांत मजुरीवर कोण होता आणि विकत आणलेला कुणी होता का, तेही ठाऊक नाही. खालून सगळे हात सारखेच दिसायचे.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. बादशहा प्याले, निजाम प्याले, त्यांचे घोडे तर न विचारता प्याले. मग लोखंडी नळ आले आणि माझा विसर पडला. माझ्यावरून रस्ता गेला, रस्त्यावर रिक्षा उभ्या राहिल्या. पुढं लोखंडी नळालाही आठ-आठ दिवस पाणी येईना, तेव्हा औरंगपुऱ्यातल्या आशाबाईंना मी आठवलो. त्यांच्या खानावळीच्या मागं माझं तोंड उघडं आहे. करंगळीएवढी धार, पण रोज. तिच्यावर वीस जणांचा स्वयंपाक होतो.

मंगळवारी पाणी खात्याचे कारभारी आले. एका हातात फॉर्म, दुसऱ्या हातात सिमेंटची अर्धी गोणी.

"मावशी, ही जोडणी कुणाच्या नावावर हाय?"

"नहर हाय ती, साहेब. चारशे वर्षं झाली."

"मंग चारशे वर्षांपासून अनधिकृत हाय," कारभारी शांतपणे म्हणाले. "मालकाचं नाव सांगा, नायतर बुजवतो. वरून ऑर्डर हाय."

आशाबाईंच्या हातातला तांब्या तसाच राहिला. धार गेली तर खानावळ गेली, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही.

कारभारी माणूस वाईट नव्हता. आवाज खाली आणून म्हणाला, "तुम्हीच मालक म्हणून सही करा की. जोडणी तुमची. विषय संपला."

आशाबाईंनी पेन घेतलं. तेवढ्यात डबा न्यायला आलेल्या सुलेखा मॅडम मधेच बोलल्या. त्या शाळेत इतिहास शिकवतात. इतिहासाच्या शिक्षकांना नेमकी अशीच वेळ सापडते.

"नाव लावायचंच तर मलिक अंबरचं लावा. नहर त्यानं आणली. अन् त्यालाच लहानपणी विकला होता, हबशी देशातनं. एकानं घेतला, दुसऱ्याला विकला, दुसऱ्यानं तिसऱ्याला. आपल्या दख्खनमध्ये आला तो गुलाम म्हणूनच."

"विकला म्हंजे?" कारभारींनी विचारलं. "माणसाला मालक?"

"व्हय. शेवटचा मालक वारला तेव्हा हा सुटला. मंग पुढं यानंच हे शहर वसवलं."

 

आशाबाईंनी पेनाला टोपण लावलं. "नाय साहेब. त्याला इतक्या जणांनी माझा-माझा म्हणून घेतला, आता त्याच्या पाण्याला बी मी माझं म्हणू व्हय? बुजवा तुम्ही."

"अवो, पण खानावळ?"

"बघंन मी. टँकर मागवीन." एका टँकरमागं खानावळीची किती दिवसांची कमाई जाते, ते त्या बोटांवर मोजू लागल्या.

कारभारींनी फॉर्म गुडघ्यावर घेतला. मालकाच्या रकान्यात 'लागू नाही' लिहिलं. खाली 'जोडणी सिमेंटने कायमची बंद केली' असं लिहून सही ठोकली, शिक्का मारला. मग माझंच पाणी घेऊन सिमेंट कालवलं आणि खानावळीच्या तुटक्या पायरीत सगळं ओतलं.

"बंद झालेला नळ बंद करायला पुन्हा कुणी येत नाय," हात धुता धुता ते म्हणाले.

"जेवून जा," आशाबाई म्हणाल्या. "अन् मागनं या. पायरी लई ओली हाय."

तेव्हापासून मी कागदावर बंद आहे आणि मजेत वाहतो आहे. मित्रांनो, जुन्या नळांना जपा. वरती खुशाल रिक्षा लावा, पण तोंडात गुटख्याच्या पुड्या कोंबू नका. पाणी पिताना ते कुणी आणलं हे एकदा विचारा, आणि त्याला कुणी विकलं होतं तेही. बाकी स्वतःसाठी मला काही नको. एक अर्ज तेवढा द्यायचा आहे.

प्रति,
संबंधित अधिकारी,
माणसं विकणारे सर्व बाजार.

विषय : नोंदीत दुरुस्ती करून मिळण्याबाबत.

महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की, आपल्याकडे ज्या ज्या माणसांची खरेदी-विक्री झाली, त्यांच्या नोंदीतील मालकाच्या रकान्यात पूर्वलक्षी प्रभावाने 'लागू नाही' अशी दुरुस्ती करण्यात यावी, आणि सही-शिक्क्याची एक प्रत त्या त्या माणसाच्या हातात देण्यात यावी.