टेबलावरचे गोल

चार वाजता येते, असं लेक म्हणाली होती. मी सकाळी साडेसहापासून तयार होतो. इतका वेळ नुसतं तयार होऊन बसायचं म्हणजे काय असतं, ते ज्याचं त्यालाच कळतं. खुर्चीत बसलो की उठावंसं वाटे, उठलो की खिडकीशी जावंसं वाटे, खिडकीशी गेलो की रस्त्यावर बघण्यासारखं काही नसे. समोरच्या इमारतीतली बाई दोरीवरचे कपडे काढत होती, तिनं माझ्याकडे तीनदा पाहिलं. चौथ्यांदा पाहिलं तेव्हा मी पडदा ओढून घेतला. मी काय तिचं घोडं मारलं होतं?

दारू सोडल्याचा हा सत्तेचाळिसावा दिवस. रोज संध्याकाळी आठ वाजता मी लेकीला फोन करून आकडा सांगायचो. "आज बारा." "आज तेवीस." ती "हं" म्हणायची. शाब्बास नाही, वा नाही, नुसतं हं. चाळीस झाले त्या दिवशी मात्र हं म्हणून झाल्यावर ती पुढे बोलली.

"बाबा, पुढच्या महिन्यापासून माझी दुपारची ड्युटी आहे. पिटुकलीला शाळेतून आणून चार तास कुणीतरी सांभाळायला हवं. पाळणाघर बघून ठेवलंय मी."

"पाळणाघर कशाला? मी आहे ना."

"म्हणूनच म्हणते, पुढच्या रविवारी चारला घरी येते. बघते."

"काय बघणार?"

"तुम्हाला," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पिटुकली म्हणजे माझी नात. साडेचार वर्षांची. आजवर तिला मी पाच वेळा पाहिलं, तेही बागेत, बाकावर, आणि पाचही वेळा तिच्या आईनं तिचा हात घट्ट धरून ठेवलेला. एकदा मी तिला झोक्यावर बसवायला पुढे झालो तर लेक म्हणाली, "राहू दे, मी बसवते." साधंच बोलली. पण मी घरी येईपर्यंत तेच वाक्य चघळत होतो. मला ती पोर हवी होती. रोज दुपारी चार तास, हात न धरता. इतकं हवंसं मला कित्येक वर्षांत काही वाटलं नव्हतं, आणि मला हवंसं वाटणाऱ्या गोष्टींचा इतिहास काही फारसा चांगला नाही.

अडचण होती ती वासाची. मी फर्निचरला पॉलिश करतो. हल्ली कुणी मशीननं फवारा मारून मोकळं होतं, तसं नव्हे, हातानं. लाखेचे पापुद्रे स्पिरिटमध्ये विरघळवायचे, फडक्यातून गाळायचे, कापसाचा बोळा जुन्या सुती कपड्यात बांधून त्यात भिजवायचा आणि लाकडावर फिरवत राहायचं. थरावर थर, दहा दहा दिवस. त्या स्पिरिटचा वास कपड्यांत, केसांत, नखांत जाऊन बसतो. दारू प्यायलेल्या माणसाजवळ उभं राहा आणि माझ्याजवळ उभं राहा, डोळे मिटून फरक सांगता आला तर मी तुमचं टेबल फुकट चकाचक करून देईन.

हा वास एके काळी माझ्या फार कामाला आला होता. तेच सांगायचं टाळतोय मी सकाळपासून.

लेक सात वर्षांची असताना आमच्या घरात एक रीत होती. मी कामावरून आलो की दार तीच उघडायची आणि येऊन कमरेला मिठी मारायची. मी खाली वाकलो की गालाला गाल लावायची. मला वाटायचं, काय पोर आहे, बापावर किती जीव! मग ती आत बघून ओरडायची. एखाद्या दिवशी "आई, चहा टाक!" एखाद्या दिवशी "आई, मी अभ्यासाला बसते!" मला दोन वर्षं लागली कळायला. चहा टाक म्हणजे आज नाही घेतलेली. अभ्यासाला बसते म्हणजे घेतलीय. मायलेकींनी ठरवलेलं होतं ते. म्हणजे ती मिठी मारत नव्हती, वास घेत होती.

कळलं तेव्हा शरम वाटायला हवी होती. मला आला राग. मला चकवता काय? दुसऱ्या दिवसापासून मी गुत्त्यातून निघालो की कामाच्या पिशवीतली बाटली काढून कॉलरवर आणि बाह्यांवर स्पिरिट चोळायचो. पोरगी यायची, मिठी मारायची, नाक गोंधळायचं, आणि बापाला झुकतं माप देऊन ती ओरडायची, "आई, चहा टाक." वर्षभर. तिची आई बिचारी चहा टाकायची. एक दिवस मी चहाचा कप हातात घेऊन दारातच आडवा झालो, तेव्हा पोरगी नुसती उभी राहून बघत राहिली. मला दिसत होतं, तिला माझा राग आला नव्हता. तिला वाटत होतं की तिचंच चुकलं. त्यानंतर दार उघडायला ती कधी आली नाही.

आणि आता मी खरोखर सोडली होती तर माझ्याजवळ दाखवायला काय होतं? तोच वास.

म्हणून त्या आठवड्यात मी जय्यत तयारी केली. बुधवारपासून काम बंद. कामाचे कपडे गच्चीवर नेऊन टाकले, बाटल्या माळ्यावर चढवल्या. रविवारी दोनदा आंघोळ केली, नखं ब्रशनं घासली, नवा शर्ट घातला. दोन वाजता मी स्वतःचा हात हुंगला तर साबणाशिवाय कसलाच वास नव्हता. मला माझाच हात ओळखू येईना.

पण रिकामे हात फार वाईट. पाच दिवस बोळा धरला नव्हता, हात नुसते शिवशिवत होते. आणि हात शिवशिवले की घसा आठवतो. मी चार ग्लास पाणी प्यायलो. कपाट उघडून बंद केलं. जिन्यात पावलं वाजली की कान टवकारायचे, वरच्या मजल्यावरची निघाली की बसायचं. आणि मनात जे सारखं वर येत होतं ते पुन्हा पुन्हा खाली दाबायचं.

ते असं. अठ्ठाविसाव्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या घरी कपाटाला पॉलिश करत होतो. घरात कुणी नव्हतं. कपाटाच्या खालच्या खणात बाटल्या. मी फक्त खण पुसायला म्हणून त्या बाहेर काढल्या. मग एकीचं झाकण उघडलं. झाकणात ओतली, झाकणभर. झाकणभराला काय पिणं म्हणतात? औषधसुद्धा माणूस त्याहून जास्त घेतो. असं म्हणत चार झाकणं झाली. मग मी बाटल्या होत्या तशा लावल्या, जिना उतरून बाहेर आलो आणि भिंतीला धरून ओकलो. त्या संध्याकाळी आठ वाजता फोनवर मी म्हणालो, "आज अठ्ठावीस." ती म्हणाली, "हं." त्यानंतर एक थेंब नाही, अगदी कानाला खडा. पण आकडा मी पुढेच मोजत राहिलो. मला वाटलं, तो एक दिवस जिरेल हळूहळू. नाही जिरला.

तीन वाजता मागच्या खिडकीतून ऊन टेबलावर आलं.

आमचं हे टेबल मीच केलेलं. सुताराकडून लाकूड कापून आणलं, पॉलिश माझं. पण दुनियेची टेबलं चमकवणाऱ्याच्या घरातलं टेबल कसं असणार? वर्षानुवर्षं ओला ग्लास ठेवून ठेवून त्यावर पांढरे गोल उमटले होते. एक नाही, दोन नाही, माझ्या खुर्चीसमोर पंधरा-वीस, एकात एक गुंतलेले. एरवी दिसत नाहीत. तिरप्या उन्हात मात्र लख्ख दिसतात. लेक याच खुर्चीसमोर बसणार. आणि पिटुकली विचारणार.

असले गोल घालवायला पाच मिनिटं लागतात. बोळ्यावर थोडं स्पिरिट घेऊन हलक्या हातानं फिरवलं की थरात अडकलेली ओल निघून जाते. नवशिक्यालाही येतं ते. मी माळ्यावरून बाटली काढली, बोळा बांधला आणि कामाला लागलो. हातांना इतकं बरं वाटलं की काय सांगू! पहिला गोल गेला, दुसरा गेला. कशाचा वास घालवायला मी पाच दिवस घासत बसलो होतो, ते माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं.

तेवढ्यात बेल वाजली. घड्याळात सव्वातीन.

आता बोळा फिरता असताना मध्येच थांबवता येत नाही. थांबला की चिकटतो, ओढला की खालचा थर सोलून काढतो. हे चाळीस वर्षं हाताला माहीत असलेलं. डोकं ओरडत होतं, अरे दार उघड, आणि हात शांतपणे टेबलाच्या कडेपर्यंत निघाला होता. बेल पुन्हा वाजली. तिसऱ्यांदा वाजली. मी बोळा कडेवरून उचलला, बाटली बंद करायला गेलो तर झाकण सापडेना. ती तशीच स्वयंपाकघरात, ओट्याखाली सरकवली. शर्टाला हात पुसले. नव्या शर्टाला. मग दार उघडलं.

लेक उभी होती. तिच्या हाताला पिटुकली.

"एवढा वेळ?" ती म्हणाली. आणि मग तो वास तिच्यापर्यंत पोचला. तिचा चेहरा बदलला नाही, फक्त पोरीचा हात आणखी घट्ट धरला गेला.

"टेबल पुसत होतो," मी म्हणालो. "त्यावर गोल होते. खरंच. ये ना, आत ये, बघ तूच. तू चारला येणार होतीस."

"लवकर निघाले. घरात बसवेना."

ती आत आली. तिची आई वारल्यापासून चार वर्षांत पहिल्यांदा. खोलीभर नजर फिरवली, ओट्याखालच्या उघड्या बाटलीवर एक क्षण थांबली आणि माझ्या खुर्चीसमोर बसली. अर्धं टेबल आरशासारखं, अर्ध्यावर गोल तसेच.

मला राहवेना. मी तिच्यासमोर वाकलो, लहानपणी वाकायचो तसा. "घे. वास घे. शर्टाचा नको घेऊस, तोंडाचा घे. तुला कळेल. तुला बरोबर कळायचं."

ती झटकन मागे सरली.

"नाही घेणार."

"अगं, पण—"

"बाबा, मी सात वर्षांची होते. अजून कुणी जवळ आलं ना, की आधी नाक जातं माझं. नवरा घरी येतो, तर त्याचाही वास घेते मी दारात. तो बिचारा दारूला कधी शिवतसुद्धा नाही. ही शाळेतून आली की हिचाही घेते." ती पोरीकडे न बघता बोलत होती. "तुम्ही तुमचं सोडताय ना? मग मलाही माझं सोडायचंय. मी नाही वास घेणार. तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल ते मी खरं धरणार."

"काहीही म्हटलं तरी?"

"काहीही. खोटं असलं तर ते तुमच्यापाशी."

मला वाटलं होतं, ती उलटतपासणी घेईल, कपाटं उघडेल, मी चिडेन. त्या सगळ्याची मी तयारी केली होती. याची नव्हती. सत्तेचाळीस म्हणायचं, एक शब्द, आणि उद्याच्या एक तारखेपासून पोर माझी. पिटुकली आईचा हात सोडवून टेबलाशी आली होती. एका गोलावरून तिनं बोट फिरवलं.

"आबा, हे कुणी काढलं?"

"मी," मी म्हणालो. "माझ्या ग्लासानं."

"एवढे?"

"हो गं. एवढे."

मग लेकीकडे बघून मी म्हणालो, "एकोणीस."

"काय एकोणीस?"

"दिवस. सत्तेचाळीस नाहीत. अठ्ठाविसाव्या दिवशी एका घरी घेतली होती मी. त्यानंतर एकोणीस."

"किती?"

"चार झाकणं."

"झाकणं?" तिच्या तोंडून हसू फुटता फुटता राहिलं, आणि मग डोळे भरले. "म्हणजे त्यानंतर रोज आठ वाजता मला खोटं सांगत होतात."

"हो. रोज."

ती उठली. पर्स खांद्याला लावली, पोरीचा हात धरला. जाऊ दे, म्हणत होतो मनात, आणि जाऊ नको, असंही. ती दारापर्यंत गेली. चप्पल पायात सरकवली. कडी धरून तशीच उभी राहिली. समोरच्या बाईनं पाहिलं असतं तर तिला वाटलं असतं, आम्ही तिघं फोटोसाठी उभे आहोत.

"मला कधीच कळलं नसतं हे," ती दाराकडे तोंड करून म्हणाली.

"नसतं कळलं."

"उद्यापासून नाही हं. रोजचं तर नाहीच. येत्या बुधवारी, एक दुपार. मी मध्ये दोनदा फोन करीन. आणि आठचा फोन चालू ठेवायचा. खरा आकडा."

"खरा."

तिनं चप्पल काढली. पोरीचा हात सोडला. पिटुकली धावत पुन्हा टेबलाकडे गेली आणि गोल मोजायला लागली. सातच्या पुढे तिला येत नव्हतं, म्हणून ती सातावरून पुन्हा एकावर येत होती. लेक येऊन खुर्चीत बसली. डोळे पुसले. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून, लहानपणी ओरडायची तितक्या मोठ्यानं नाही, पण ऐकू जाईल असं म्हणाली,

"आई, चहा टाक."

आत कुणी नव्हतं. मी उठलो आणि चहा टाकला.