सायन्सच्या वर्गाची दहा नावं

कांता मॅट्रिक पास झाली तेव्हा अल्लीपुरात जो तो म्हणाला, "नागपूरले पाठवा." पण तिची आई धुरपता वांगीसुद्धा चार ठिकाणी पाहून घेणारी बाई. हातातलं काम दोन दिवस सोडून ती लेकीला घेऊन कॉलेजं बघायला निघाली.

नागपूरचं कॉलेज दगडी, ऐसपैस. कांता प्रयोगशाळेच्या खिडकीला नाक लावून उभी राहिली. तिला सायन्सच शिकायचं होतं. ऑफिसच्या खिडकीतल्या कारकुनानं जात विचारली.

"बौद्ध," धुरपता म्हणाली. दोन वर्षांपूर्वी याच शहरात तिनं दीक्षा घेतली होती.

"तशी जात नसते, बाई. जुनी सांग."

"जुनी सोडली म्हणून तर हे सांगून राह्यली!"

कारकुनानं फॉर्म परत सरकवला. मुलींच्या वसतिगृहातही जागा नव्हतीच.

वर्ध्याचं कॉलेज लोकांनी मिळून काढलेलं, अवघं तीन वर्षांचं. बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये भरायचं. प्राचार्य प्रभाकरराव स्वतःच बाक उचलून आत नेत होते. त्यांनी मायलेकींना बसवलं, पाणी दिलं आणि धुरपतानं सांगितलं तसं 'बौद्ध' लिहून घेतलं.

"अन् सायन्स?" कांतानं विचारलं.

प्रभाकरराव ओशाळले. "नाही गं पोरी. दहा विद्यार्थी दाखवले तर परवानगी मिळेल. माझ्याकडे सहाच नावं आहेत, आणि मुदतीला पंधरा दिवस उरलेत."

कांताचा चेहरा उतरला. धुरपतानं पाण्याचा पेला खाली ठेवला. म्हणाली, "सातवं इचं लिवा. बाकीचे तिघं आमी आणून देऊ."

वस्तीतल्या चिंधूचा मुलगा मॅट्रिक होऊन घरीच बसला होता, तो लगेच तयार झाला. दुसरा शेजारच्या गावात सापडला. तिसरं नाव मात्र धुरपताच्या मनात पहिल्यापासून होतं, बबनराव पाटलांची नलू. कांताच्या खालोखाल मार्क तिचेच. पण त्या वाड्याच्या पुढच्या दारानं धुरपता कधी गेली नव्हती. त्या दिवशी गेली.

"तुह्या पोरीसंगं माही नलू बसन?" बबनरावांनी विचारलं.

"चार वर्सं शाळेत एकाच बाकावर बसल्या, पाटील. तुमाले ठाव नाई का?"

दाराआडून नलूचा आवाज आला. "खरं हाय, बाबा."

बबनराव उठून आत गेले. दोन दिवस गेले. धुरपतानं आशा सोडली आणि दुसऱ्या मुलाच्या शोधात हिंगणघाटला जायचं ठरवलं. सकाळी निघणार तोच बबनराव स्वतः वस्तीत आले. हातात नलूचं मॅट्रिकचं सर्टिफिकेट होतं. ते आत आले नाहीत, बसलेही नाहीत. कागद पुढे करून एवढंच म्हणाले, "हे बी नेजो. दोघीयनं सकाळच्या मोटरीनं संगंच जावं."

जुलैत परवानगी आली. पहिल्या दिवशी प्रभाकररावांनी हजेरी घेतली. शेडबाहेर उभी राहून धुरपतानं दहाही 'हजर' ऐकले, आणि मग शेतात निंदणाला पोचायचं म्हणून ती घाईघाईनं मोटरीकडे वळली.