पिंपळ झालेले हिम्मतराव

सकाळपासून नल्लकुंट्यातल्या आमच्या गल्लीत चपलांचा खच पडला होता. जिन्यावर रांग, रांगेत नारळ, अगरबत्त्या आणि उंच धरलेले मोबाइल. शेजारच्या त्रिवेणीवहिनींच्या गच्चीच्या कठड्यात पिंपळ उगवला होता आणि तो पिंपळ म्हणजे म्हणे त्यांचे वारलेले यजमान, हिम्मतराव!

"लावला कुणी? कुणीच नाही!" रोपापाशी ठाण मांडून बसलेले वृक्षानंद महाराज गरजले. "माई रोज जिथं कावळ्याला घास ठेवते, बरोब्बर तिथंच आले. पूरी गच्ची खाली है, दुसरीकडं का नाही उगवले? बोलो!"

"हौ, सच्ची बात," गर्दी म्हणाली.

मी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलेली बाई. माझं डोकंच फिरलं. पण रागापेक्षा भीती मोठी होती. कठड्याची भेग मुळांनी रुंदावत खाली छतात उतरली होती आणि वहिनींच्या पलंगावर पोपडे पडत होते. महाराजांचा हुकूम असा, की पलंग हलवायचा नाही, रोपाला हात लावायचा नाही, नाहीतर पुन्हा विधवा होशील. पुन्हा! हे कसं व्हायचं, ते मात्र कुणी विचारलं नाही.

"वहिनी, स्लॅब अंगावर येईल हो."

"येऊ दे. ते वर एकटेच आहेत."

हिम्मतराव गेल्यापासून वहिनी जेवायच्या आधी कावळ्याला घास ठेवत, शेजारी तांब्याभर पाणी ओतत. मग खाली येऊन एकट्याच जेवत.

मी कठड्यावरची कावळ्यांची वाळकी शीट खरवडून घरी आणली आणि चहाच्या गाळणीत धुतली. खसखशीएवढ्या बिया निघाल्या. त्या दोन जुन्या विटांच्या फटींत भरल्या. एका विटेवर रोज पाणी शिंपडलं, दुसरी कोरडी ठेवली. काही आठवड्यांनी दोन्ही विटा घेऊन भर गर्दीत गच्चीवर गेले. ओल्या विटेत हिरवे कोंब डोलत होते.

"महाराज, माझ्याकडं कोण आलंय हे?"

"तुमचे पूर्वज, अम्मा!"

"मग या कोरड्या विटेतल्या पूर्वजांनी काय पाप केलं?"

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. महाराज उपरणं सावरू लागले.

मी सांगितलं, "कावळा कोपऱ्यावरच्या पिंपळाची फळं खातो. गर पचतो, बी तशीच बाहेर पडते. जंगलातही झाडं अशीच पाखरांच्या, वटवाघळांच्या पोटातून लांब जातात. बहुतेक बिया उन्हात करपून मरतात. ज्या बीला फट आणि ओल मिळते, ती रुजते. इथं घासासाठी कावळे बसले, बी पडली, वहिनींच्या तांब्यानं ओल मिळाली. बाकीची गच्ची कोरडी, म्हणून तिथं काही नाही."

गर्दी पांगली. महाराज सगळ्यांच्या आधी जिना उतरले.

वहिनी कठड्यापाशीच उभ्या होत्या. "मला का कळत नव्हतं, बाई? रोपटं ते रोपटंच. पण ते उगवल्यापासून दारात माणसं यायची. कुणी विचारायचं, 'अम्मा, जेवलात का?' आता कोण विचारणार?"

मी रोपाकडं हात नेला.

"तुम्ही नका काढू," त्या म्हणाल्या. "मीच काढते." त्यांनी रोप हाताला आली तेवढ्या मुळांसकट ओढलं आणि भेगेत हात घालून लहान पोरीसारख्या रडल्या. मग मी त्यांचं अंथरूण उचललं आणि त्यांना माझ्या घरी नेलं.

म्हणून सांगते, चमत्कार दिसला की आधी कारण शोधा. ते सापडतंच, बहुतेकदा एका गाळणीत मावतं. पण तेवढ्यावर थांबू नका. बाबा शिरतो तो एकट्या माणसाच्या घरात. तिथं त्याच्या आधी आपण जायला हवं.