मास्तरांच्या वतीने

माणसं ऑफिसात कशी वागतात याचा अभ्यास करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. साहेबांच्या विनोदावर सगळ्यात आधी कोण खिदळतं, नको असलेलं काम कोण कुणाच्या गळ्यात मारतं, हे मी कोपऱ्यात बसून बघत असते. घरचे म्हणतात, हिला चहाड्या करायचा पगार मिळतो. घरचे म्हणजे माझा धाकटा भाऊ, छोट्या. चाळिशी उलटली तरी माझ्यासाठी तो छोट्याच.

तो लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीत होता. कुठली लिफ्ट चालू ठेवायची आणि कुठली बंद करायची, हे ठरवणाऱ्या बैठकीत त्याच्या शब्दाला वजन होतं. सगळ्यांच्या चुका काढायचा, म्हणून तिथं त्याला मास्तर म्हणत. पाठीच्या ऑपरेशनमुळे तो कित्येक महिने अंथरुणाला खिळला होता. आपण नसताना तिथं नुसता सावळागोंधळ चालला असणार, या एका विचारावर त्याने ते महिने काढले. बायको सोडून गेल्यापासून त्याला ती नोकरी सोडून दुसरं काही उरलंच नव्हतं.

त्याच सुमारास त्यांच्या मॅनेजरबाईंनी मला अभ्यासाला बोलावलं. कुणी रजेवर गेलं तरी त्यांचं काम अडत नाही, याचा बाईंना भारी अभिमान. त्यांची पद्धत अशी की बैठकीत गैरहजर माणसाची खुर्ची रिकामी ठेवायची नाही. पाळीपाळीने कुणीतरी तिच्यावर बसायचं आणि तो माणूस जे म्हणाला असता, तेच म्हणायचं. याला ते 'वतीने बसणं' म्हणत.

पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. छोट्याच्या खुर्चीत स्टोअरवाला बसला होता, एरवी तोंडातल्या तोंडात बोलणारा एक जाडजूड गृहस्थ. बसल्याबरोबर त्याने पाठ ताठ केली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाला, "माझं ऐकणार असाल तर सांगतो." हुबेहूब छोट्या. आवाजसुद्धा त्याचाच, लहानपणापासून माझं डोकं उठवणारा तो चिरका आवाज. माझं हसू जागच्या जागी थिजलं. बाकी कुणाला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. बाई म्हणाल्या, बोला मास्तर, आणि कामाला सुरुवात झाली.

पुढे दर बैठकीत मास्तर वेगळे असत. कधी स्टोअरवाला, कधी अकाउंट्सची मुलगी, कधी गाडीचा ड्रायव्हर. आवाज मात्र तोच. फरक एवढाच की हे मास्तर भरपूर कुरकुर करत आणि शेवटी "बरं, चालेल" म्हणत. माझा भाऊ उभ्या जन्मात कधी 'चालेल' म्हणालेला नाही. मी हे बाईंच्या कानावर घातलं, तर त्या म्हणाल्या, आजारपणाने माणूस निवळतो हो. आजारी माणूस तिकडे घरी पडलाय आणि निवळलेत ते इथले मास्तर, हे काही केल्या त्यांच्या डोक्यात शिरेना.

छोट्या कामावर रुजू झाला तो नवा शर्ट घालून. सकाळची बैठक होती, खिडक्यांतून लख्ख ऊन आत आलं होतं. त्याच्या खुर्चीत स्टोअरवाला होता आणि तो उठला नाही. छोट्याला भिंतीकडेला, माझ्या शेजारी बसवलं. विषय एका जुन्या हॉस्पिटलच्या लिफ्टचा होता. तिचे तारेचे दोर झिजले होते, पण आणखी काही महिने ढकलता येतील का, असं बाईंनी विचारलं.

छोट्या उभा राहिला. "बंद करा ती. दोर बदलल्याशिवाय एकही माणूस आत पाठवायचा नाही."

सगळ्यांनी वळून पाहिलं. परक्याने मध्येच तोंड घातल्यावर बघतात, तसं. मग बाईंनी खुर्चीकडे तोंड केलं आणि मास्तरांचं मत विचारलं. स्टोअरवाल्याने चष्मा कपाळावर सारला. दोर बदलायलाच हवेत म्हणून तो बराच वेळ कुरकुरला, आणि मग, बरं, चालेल.

"अहो, मी इथं उभा आहे," छोट्या म्हणाला.

"मास्तर असं बोलले नसते," अकाउंट्सची मुलगी हळुवारपणे म्हणाली. तिच्या बोलण्यात खोच नव्हती, ती खरोखर त्याची समजूत घालत होती. मला त्याचीच जास्त भीती वाटली. मी उठून सांगितलं की हाच मास्तर, हाच माझा भाऊ, मी याला कडेवर घेऊन फिरले आहे. बाईंनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि खुर्चीतल्या मास्तरांचं म्हणणं मान्य असलेल्यांना हात वर करायला सांगितलं. सगळे हात वर गेले. मी शेजारी पाहिलं, तर छोट्याचा हातही हळूहळू वर जात होता.

त्याला कुणी काढून टाकलं नाही, तसली ती माणसं नव्हेत. सुपरवायझरबाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या, त्यांच्या वतीने त्याला बसवलं. पहिल्या दिवशी माझ्याकडे येऊन त्याने कंपनीच्या नावाने बोटं मोडली. दुसऱ्या दिवशी जरा कमी. मी त्याच्या हातापाया पडले, म्हटलं, सोड ती नोकरी, मी आहे ना. तो म्हणाला, सगळी चांगली माणसं आहेत तिथं. हॉस्पिटलची ती लिफ्ट मात्र अजून चालूच होती. मी अभ्यास अर्ध्यावर टाकला आणि हॉस्पिटलला स्वतः कळवलं. तिथून उत्तर आलं, मास्तरांशी बोलणं झालंय, काळजीचं कारण नाही.

काल दुपारी त्याच्याकडे गेले. त्याने दार उघडलं आणि "या ना" म्हणाला. आजवर मला 'ये गं' सोडून दुसरं काही म्हणाला नव्हता. त्याने पाणी आणून दिलं, समोर बसला आणि टक्कल पडलेल्या डोक्यावरून नसलेली बट कानामागे सारली. मग अगदी मनापासून, काळजीने त्याने विचारलं, "तुमच्या भावाची पाठ कशी आहे हो आता?"