एक दाबलं की मैना

"पन फोन काहून लागत नवता, जवाईबुवा?" मेहुण्यानं, उत्तमरावनं विचारलं. "माय दिवसभर बटन दाबून राहिली होती."

तिसऱ्या दिवशी राख सावडून माणसं परतवाड्याजवळच्या मळ्यात, अंगणात टेकली होती. गजेंद्रची सासू पार्बताबाई दसऱ्याच्या पहाटे गेली. त्यानं दाराआड बसलेल्या बायकोकडे, मैनाकडे पाहिलं. तिचेही कान इकडेच होते.

गजेंद्र अकोल्याच्या एका पतसंस्थेत कारकून, पण नसते उद्योग अंगावर घ्यायची खोड जुनीच. मळ्यात मोबाइलला रेंज नाही, सासूला टचचा फोन जमेना, आणि मायलेकींना बोलल्याशिवाय घास उतरत नाही. म्हणून त्यानं जठारपेठेतल्या घरी इंटरनेट टेलिफोनचा सर्व्हर मांडला. शोकेसवर डब्याएवढी पेटी, बस; दोन्हीकडचे फोन तिच्यातूनच जोडलेले. मळ्यात इंटरनेट छतावरच्या छत्रीवरून यायचं. तिथं बटणांचा फोन ठेवला. एक दाबलं की मैनाच्या स्वयंपाकघरात घंटी. शेजारी चिडवायचे, "गजूभाऊ, टेलिफोन ऑफिस जोरात हाय तुमचं." सासूनं मात्र लेकीचा आवाज ऐकून पहिल्या दिवशी फोनलाच हात जोडले होते.

यंदा नवमीला तो कामानं अमरावतीला होता. खंडेनवमीला यंत्रांना विसावा द्यायचा, ही मैनाच्या माहेरची रीत. मळ्यात त्या दिवशी मोटारपंपसुद्धा बंद. तिनं शिलाई मशीन पुसलं, मिक्सर पुसला, नवऱ्याची पेटीही पुसली. वायर काढली, हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. पेटी म्हणजे नवऱ्याचं कॉम्प्युटरचं काहीतरी, एवढंच तिला ठाऊक. फोन तर ओट्याशेजारी लावलेलाच होता. माय सणाच्या गडबडीत असेल म्हणून तिनंही लावला नाही.

दसऱ्याला सकाळी गजेंद्र घरी आला. पेटीवरचं फूल पाहून वायर लावायला वाकला, तोच परतवाड्याहून उत्तमरावचा मोबाइल आला.

आता अंगणातले सगळे त्याच्याकडे पाहत होते. खरं सांगितलं असतं तर मैना जन्मभर स्वतःला खात बसली असती. तो सरळ आवाजात म्हणाला,

"फोनची लाइन मीच बंद करून गेलतो. मशीन गरम होऊन राहिली होती."

"माय एकटीच होती जी," उत्तमराव म्हणाला. "मी झेंडू घेऊन बजारात. सांजच्याले आलो त म्हने, मैनी बोलून नाई राहिली, रागावली का माह्यावर?"

मैना उठून दारात आली.

"मले एका शब्दानं सांगतलं नाई तुमी?"

"राहून गेलं."

"माही माय माह्या नावानं झुरत गेली. हे मी तुमाले जन्मात माफ करनार नाई."

"नको करू," गजेंद्र म्हणाला.

शेजारच्या घरून चहा आला. मैनानंच सगळ्यांना कप दिले. त्याच्यापुढे मात्र ती थांबली नाही, तशीच पुढे गेली. रिकामे हात मांडीवर ठेवून त्यानं उत्तमरावला विचारलं, "दहाव्याले किती लोकं येतीन?"