मोहफुलांची पहिली मालगाडी

मी मालगाडीचा बंद डबा बोलतोय. मला हात लावून बघता येणार नाही, कारण मी धावतो तो संगणकावरच्या खेळात. या खेळात रूळ टाकायचे, गाड्या चालवायच्या, ठिकठिकाणचा माल पोचवायचा. माल कोणी उचललाच नाही, तर ते ठिकाण बंद पडतं.

मला घडवलं रिंकीने, गोंदियातल्या तिच्या भाड्याच्या खोलीत. तिची मैत्रीण दिव्याही तिथेच राहते. रिंकी खेळासाठी गाड्या बनवते, दिव्या माल. रिंकीने मला तपकिरी रंग दिला आणि मी काय वाहायचं ते नावानिशी लिहिलं: धान, तांदूळ, गहू. माझं छान चाललं होतं.

मग दिव्याने नकाशावर आपल्या आईचं गाव मांडलं आणि तिथे मोहफुलांचं केंद्र उघडलं. मी जाऊन उभा राहिलो. समोर मोहाचा हा एवढा ढीग, आणि मी निघालो रिकामाच! पुन्हा गेलो, पुन्हा तेच. शेवटी पडद्यावर सूचना आली, केंद्र बंद होणार.

दिव्याचा चेहरा उतरला. "काऊन वं, तुया डब्याले आमचा मोहा चालत नाही का?"

"त्याचं नावच नाही ना डब्यात. टाकू का?"

"अन् उद्या मी तेंदूपत्ता आणला त? दरवेळी नावच टाकत बसशील?"

रिंकी विचारात पडली. मग तिने माझ्यातली सगळी नावं पुसून टाकली. त्या जागी तिने मालाचे प्रकार लिहिले: पोत्यातला घे, पातळ नको, नाशवंत नको. दिव्याने मोहाला प्रकार दिला, 'नाशवंत'. मी परत रिकामा!

"अवं, तुमच्या घरी मोहा ओलाच विकून राहिले का?" रिंकीने तिच्याच बोलीत विचारलं.

"नाही, वाळवून पोत्यात भरतो."

"मंग नाशवंत कायले लिहिलं?"

दोघी पोट धरून हसल्या. दिव्याने प्रकार बदलला, आणि मी गच्च भरून निघालो. सूचना गेली. तिने लगेच घरी फोन लावला. "माय, आपल्या गावातून मालगाडी निघाली!"

पलीकडून आवाज आला, "आपल्या गावाले रेल कवा आली वं?"

रिंकीने मला इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवलंय, त्यामुळे आता अनोळखी माणसंही मला आपल्या खेळात घेतात. परवा एकाने असा माल भरला, की त्याचं नावही मला उच्चारता येईना. पोत्यात होता, मी घेतला. नवा माल बनवणाऱ्यांनो, त्याचा प्रकार तेवढा नीट लिहा. पुढचं इंजिन आणि मी बघून घेऊ.